राजासाठी कोरलेला पेला

लिहिणं हे काही माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि तोही इंजिनिअरिंगला. युरोपातल्या कुठल्याशा राजाच्या पेल्याविषयी मी लिहावं, हे जरा धाडसच आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

दोन हजार चार साली मी मिशिगनमध्ये एम.एस. करत होतो. ट्रॉयला गावाकडच्या ओळखीच्या काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायचो आणि शनिवार-रविवार कॉलेजच्या छोट्या म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगायचो. माझ्या वाट्याला तो पेला आला होता. तीनशे वर्षांपूर्वीचा, वीतभर उंच, जाड काचेचा. तांब्याच्या फिरत्या चकतीवर धरून त्याच्यावर मुकुट, दोन सिंह आणि लॅटिनमध्ये एक ओळ कोरलेली: राजा दीर्घायुषी होवो. दरबारात सगळे उभे राहून ती ओळ म्हणत आणि पेला हातोहात फिरे.

त्याच सुमारास बाबांना दवाखान्यात ठेवलं. बाबा ट्रकचे पंक्चर काढायचे. छातीत दुखतंय, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. मी निघतो म्हटलं, तर फोनवर ओरडले, "परीक्षा टाकून आलास तर घरात घेणार नाही! परत व्हिसा नाही दिला, तर काय माझ्या शेजारी बसून ट्यूब घासणार?"

नंतर त्यांचा आवाज ऐकायला मिळेना. फोन आत्या घ्यायची. "झोपलेत. बरे आहेत. तू पेपर दे."

रोज झोपलेले.

पेल्यासमोर उभा राहून ती ओळ सांगताना मी प्रत्येक वेळी बाबांना मनात धरायचो. कुणी नसलं तरी म्हणायचो, पुढेपुढे तर मोठ्यानं. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग तो राजा किती जगला?" मला माहीत नव्हतं. शोधलं, तर पेला हातात पडल्यावर वर्षाच्या आत तो वारला होता. ते मी पुढे कुणालाच सांगितलं नाही.

शेवटचा पेपर देऊन घरी आलो. काकू मागे अंगणात होत्या. त्यांची आठ वर्षांची मुलगी टीव्हीसमोर बसली होती.

"दादा, युअर आत्या कॉल्ड. तुझी एक्झाम झाली का विचारलं. मी येस म्हटलं."

"मग? बाबांना घरी सोडलं?"

"बाबांचं नाही सांगितलं. तुझ्या मॉमचं सांगितलं. शी गॉट मोअर बँगल्स."

"बांगड्या? आत्ता?"

"आय डोन्ट नो. इन्क्रीज केल्या."

"आत्या नक्की काय म्हणाली? मराठीत सांग."

तिनं कपाळाला आठ्या घालून आठवलं. "दादाला सांग, आईनं बांगड्या वाढवल्या."

मी तिथंच जिन्यावर बसलो. बाबा गेले होते. किती दिवस झाले, ते अजून विचारायचं होतं.