कोऱ्या डिस्कची नक्कल

सर्व्हर सांभाळणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. डिस्कवरची जागा संपते, यांची संपत नाही. चहाला बसलो की मी सांगतो, सगळे हसतात. एक मात्र शेवटाला ठेवतो आणि बहुतेक वेळा तिथवर पोचायच्या आत उठतो.

नव्वदनंतरची गोष्ट. तारापूर एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर बघायचो. सगळ्या टेबलांच्या फायली एका सर्व्हरवर. हवेत ॲसिड एवढं, की आतल्या कार्डांचं तांबं हिरवं पडायचं. दर शनिवारी मी ते खोडरबरने घासायचो. मेंटेनन्सला काय काय लागेल त्याची यादी साहेबांना दिली. मंजूर झालं, खोडरबर एक डझन.

*

एकदा डिस्क भरली. मी नोटीस लावली, 'नको असलेल्या फायली पुसाव्यात.' संध्याकाळपर्यंत भरपूर जागा झाली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पुसल्या होत्या!

*

मग दोन डिस्क घेतल्या. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही जायचं. एक गेली तरी दुसरी आहेच. साहेब खूश.

"मग ही रजिस्टरं कशाला ठेवलीत अजून?"

रजिस्टरं रद्दीत गेली. त्यात कारखान्याच्या दवाखान्याचीही होती. कामगार नोकरीला लागला तेव्हा तपासणीच्या नळीत किती जोरात फुंकू शकत होता आणि पुढे दरवर्षी किती, त्याच्या नोंदी. नर्सबाईंनी त्या सगळ्या टाइप करून दिल्या होत्या, म्हणून मीही गप्प बसलो.

*

दोनातली एक डिस्क बंद पडली. मुंबईहून नवी आली, मी बसवली. पडद्यावर प्रश्न आला, कुठलीवरून कुठलीवर उतरवायचं? मी नंबर उलटे दिले. तासाभरात भरलेली डिस्क कोरी झाली. दोन्ही आता तंतोतंत सारख्या होत्या.

बॅकअपच्या टेपा होत्या, मी रोज न चुकता बदलायचो. पण टेपवर लिहिणारं हेड त्याच हवेने खाल्लेलं. टेपाही कोऱ्या. एखादी वाचून बघावी, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही.

*

त्याच महिन्यात दातिवऱ्याचा काशिनाथ आला. तेरा वर्षं ड्रायरवर, रंगाच्या भुकटीत. जिना चढताना मधेच बसायचा. गोदामात हलकं काम मिळावं म्हणून त्याने अर्ज केला होता. नियम असा, की लागतानापेक्षा दम कमी झाल्याचं नोंदीत दिसलं पाहिजे.

"लागलो तवा जाम फुकलेलो, सायेब. बाई पण हसलेली. हाय ना लिवलेलं?"

मी त्याला खरं काय ते सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. मग त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

"जुनी नोंद नाही ना? मग आजची धरू," डॉक्टर म्हणाले.

काशिनाथने नळीत फुंकलं, खोकला, परत फुंकलं. तो आकडा 'रुजू होतानाची क्षमता' या रकान्यात गेला. पुढच्या रकान्यात, 'फरक नाही.' टाइप मीच केलं.

काशिनाथने रुमालाने तोंड पुसलं. शर्टाची बटणं लावली.

"मंजे मी आजच कामाला लागलो," तो म्हणाला. "चला, ड्रायरवर जातो."