वीणेचा पहारा

सन २०२१. माझं वय सत्तर, आणि देवाशी माझं बोलणं कधीचंच बंद झालेलं. तरुणपणी फौजेत असताना सुरुंग फुटला. डावा कान गेला, पायात लोखंडाचे तुकडे राहिले, आणि झोप जी गेली ती पेन्शनीवर आलो तरी परतली नाही. डोळा लागला की ओरडत उठायचो, नातवंडं भिऊन रडायची. म्हणून देऊळघाटाजवळच्या आमच्या वावरातल्या झोपडीत एकटाच राहू लागलो. फौजेत आपण झोपलो तर कोणीतरी पहाऱ्यावर उभं असायचं. घरी सगळेच दार लावून झोपतात. मग माणसानं कोणाच्या भरवशावर डोळे मिटावे? हे कोणाला सांगितलं नाही. दवाखान्याचं नावही काढू दिलं नाही. बायको डबा घेऊन यायची, म्हणायची, "अहो, इथं कोण चालून येऊन राह्यलं तुमच्यावर?" शेजारी हसायचे, "हवालदार, जागेच हाय तर आमच्या वावरातले डुकरंही हाकला."

त्या साली गावातल्या देवळात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. एकानं गळ्यात घालून उभं राहायचं, दुसरा आला की त्याच्या गळ्यात द्यायची. कापूस वेचणीमुळे दुपारची माणसं कमी पडली, म्हणून मला विचारलं. भक्ती नाही, पहारा म्हणून मी हो म्हटलं.

माझी पाळी संपली, बदलीचा माणूस आलाच नाही. पायातलं लोखंड ठणकू लागलं. हाक मारायला जीभ उचलेना. हवालदारानं पहाऱ्यावर मदत मागायची? मनातच म्हटलं, पांडुरंगा, आता माझ्यानं होत नाही.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस आत आला. रीतीप्रमाणे माझ्या पाया पडला, वीणा गळ्यात घेतली. म्हणाला, "माउली, आता मी उभा हाओ. तुम्ही झोपा." बसा नाही म्हणाला, झोपा म्हणाला. मी खांबापाशी आडवा झालो. चांगल्या कानात वीणेची तार वाजत होती. कोणीतरी जागं होतं.

जाग आली ती पहाटे काकड्याला. अंगावर वाकळ होती, उशाशी बायको.

"ओरडलो का?"

"नाही. घोरले मात्र लय."

तो माणूस मोताळ्याकडचा असावा म्हणतात. नाव कोणी विचारलं नव्हतं. देव की माणूस, ते मी ठरवत बसलो नाही. सगळा पहारा एकट्यानं द्यायचा नसतो, एवढं त्यानं मला शिकवलं. त्याचे उपकार आहेत.

पायरीवर आल्यावर मी बायकोला विचारलं, "आज घरी निजतो. मले झोप लागेपर्यंत तू जागी राहशीन?"

ती म्हणाली, "आजवर मी तरी कुठं झोपली?"

तिच्या हातातली वाकळ घेतली आणि वावराची वाट सोडून तिच्या मागं घराकडे चालू लागलो.