उजव्या हाताचे गिअर

अर्धांगवायूच्या झटक्यात अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा हात गेला. पाय हळूहळू चालायला लागले, जीभ तर आधीपेक्षा जास्त चालायला लागली, पण हात पिशवीसारखा लोंबतच राहिला. आणि या माणसाला ध्यास एकच, गाडी स्वतः चालवायची. मी नेते म्हटलं तरी नाही, ड्रायव्हर ठेवू म्हटलं तरी नाही. "मी काय सामान हाय व्हय, कुणीबी उचलून न्यायला?"

गाडी जुनी, ऑटोमॅटिक. क्लच नाही, पण गिअरचा दांडा डावीकडेच. रिव्हर्स टाकायचा किंवा चढाला दोनवर आणायचा, तर उजवा हात स्टिअरिंग सोडून आडवा न्यायला लागणार. अप्पांनी कुणाच्या तरी नव्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पट्ट्या पाहिल्या; बोटानं ओढलं की गिअर बदलतो. झालं, डोक्यात भुंगा शिरला.

होटगी रोडच्या मिस्त्रीनं आधी हात झटकले. "काका, नव्या गाडीत पट्टी कॉम्प्युटरला सांगती. हितं कॉम्प्युटरच न्हाय, सगळं तेलाच्या प्रेशरवर चालतंय. पट्टी सांगणार कुणाला?" मला हायसं वाटलं. पण अप्पा रोज जाऊन बसायला लागले आणि शेवटी मिस्त्रीच हट्टाला पेटला. गिअरबॉक्सला हात न लावता त्यानं दांड्यालाच खालून मोटर जोडली, भंगारातल्या गाडीच्या सीटची. दोन्ही पट्ट्या उजवीकडे. वरची ओढली की दांडा एक घर पुढं, खालची ओढली की एक घर मागं. ब्रेक दाबल्याशिवाय रिव्हर्स पडायचा नाही, एवढी काळजी त्यानं घेतली.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "दिसतंय ना नीट?" अप्पा म्हणाले, "लख्ख." ते खोटं बोलत नव्हते.

रविवारी सकाळी कॉलनीमागच्या रस्त्याला गाडी काढली. आई त्यांच्या शेजारी, मी मागं. पट्टी ओढली, दांडा आपोआप सरकला, आणि अप्पा आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. चढाला दोनवर घेतली तेव्हा मोटर कुरकुरली, पण गाडीनं जोर धरला. माझाही ऊर भरून आला, उगाच कशाला लपवू. वर डाव्या कडेला उसाची भरलेली ट्रॉली उभी होती. अप्पा सरळ तिच्यावरच निघाले.

"अप्पा, ट्रॉली!"

"कुटं हाय?" म्हणाले, आणि आईच्या बाजूचं दार आत आलं. आईचा हात मोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी अप्पांच्या डावीकडं बोटं धरली. त्यांना बोटंही दिसेनात आणि डॉक्टरांचा हातही. झटक्यानं हाताबरोबर डावीकडची नजरही नेली होती, आणि ती गेल्याचं त्यांनाच कळलं नव्हतं. मग मला त्यांचं ताट आठवलं. ताटात डावीकडं वाढलेली शेंगाचटणी, लिंबू, कोशिंबीर, सगळं तसंच उरायचं. आई कौतुकानं म्हणायची, पथ्य पाळतात हो आता. मला असा संताप आला, आणि तो काढायचा तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मिस्त्रीला फोन लावला. "हाताचं लई झकास जमवलंस. आता डावीकडचं दिसायला काय बसवता येतंय का बघ की."

अप्पा फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत राहिले. त्यांच्या डाव्या अंगाला, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन, आई आवाज न करता रडत होती. त्यांना ती दिसत नव्हती.