बरं शे

सुरतेत माणसाला तरुण ठेवण्याचा धंदा करणारे पुष्कळ आहेत, पण विशीतल्या पोरांना म्हातारं करणारी बाई मी एकच पाहिली. ती म्हणजे उधन्याच्या आमच्या कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या मॅडम. त्यांच्या पर्समध्ये कायम हरभऱ्यांचा डबा असायचा. आम्हाला वाटायचं मधल्या सुट्टीत खातात. मग एके दिवशी त्यांनी आमच्या बुटांत ते हरभरे घालायला लावले, कानांत कापूस कोंबला, चष्म्यांना तेलाचं बोट लावलं आणि तीन मजले चढायला सांगितलं. वर पोहोचल्यावर म्हणाल्या, "हे तुमच्या आजीचं रोजचं देवळात जाणं." साडीच्या दुकानात गेल्या तरी त्या साडी नंतर बघत, आधी दुकानाची पायरी वितीने मोजत आणि मालकाला कठडा बसवायला सांगत. लग्नात नवरा-नवरीला सोडून भिंतीकडेच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांत जाऊन बसत.

वृद्धत्वाच्या अभ्यासाचा त्यांचा एक ऐच्छिक वर्ग होता. दहा पोरं जमली नाहीत तर वर्ग बंद, असा नियम. त्यामुळे जूनमध्ये मॅडम कँटीनमध्ये पोरं हेरत फिरायच्या. कुणी म्हणालं, "मॅडम, अमारे तो कॉम्प्युटर करवुं छे," की त्या म्हणत, "कर की. पण तुझे आईबाप काय आहे त्या वयातच थांबणार आहेत? पुढे या कामाला माणसं लागतील, बघशील तू." मी दहावा. खरं सांगतो, त्या तासाला वर्गात पंखा चालतो म्हणून गेलो होतो.

पहिलंच काम, गोडादऱ्यातल्या खानदेशी वस्तीत बारा घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची विचारपूस. मीही खानदेशी, त्यामुळे अहिराणीची अडचण नव्हती. "कसं शे आजी?" विचारायचं, "बठ्ठं बरं शे भाऊ," म्हणजे सगळं ठीक आहे, असं ऐकायचं, आणि कागदावर लिहायचं: त्रास नाही. बाराही कागद मॅडमनी परत केले. "बारा घरांत एक गुडघा दुखत नाही? गोडादऱ्यात गेला होतास की स्वर्गात? अरे, आपली माणसं पाहुण्याला 'बरं शे'च म्हणणार. सकाळी काय खाल्लं, ते विचार." मी तोंड पाडून परत गेलो. पहिल्याच आजीने सांगितलं, चहा-खारी. काल? चहा-खारी. कवळी तुटून दोन महिने झाले होते, आणि मुलगा कापडाच्या लूमवर दोन-दोन पाळ्या करतो म्हणून तिने सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. आज मी भेस्तानला ज्येष्ठांच्या केंद्रात काम करतो, ते त्या आजीमुळे.

मॅडम निवृत्त झाल्या, त्या वर्षी नऊच पोरं जमली. वर्ग बंद झाला तो झालाच. त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं. "इतकी वर्षं नुसते हरभरे वाया घालवले," असं फोनवर म्हणायच्या.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. एकट्याच राहतात. दार उघडायला बराच वेळ लागला. "कशा आहात मॅडम?"

"बठ्ठं बरं शे."

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "सकाळी काय खाल्लंत?"

त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "चहा-खारी," म्हणाल्या. "बस आता. एक तरी पास झाला म्हणायचा."

मी बसलो नाही. डाळ-तांदळाचे डबे कुठे आहेत ते विचारलं आणि कुकर लावला.