वाणातल्या टिकल्या

बातमी आली तेव्हा मी पालक निवडत बसले होते. शुक्रवार होता. इथून दोन तासांवरच्या एका गावात भर दुपारी एका माणसाने बाजारातल्या गर्दीवर गाडी घातली होती. टीव्हीवर पोलिसांच्या गाड्यांचे निळे दिवे फिरत होते आणि रस्त्यात लहान मुलाची ढकलगाडी आडवी पडली होती. मुलगा घरूनच ऑफिसचं काम करतो, तो बाहेर आला. सूनही आली. दोघं उभ्यानेच बघत राहिले. माणसं किती गेली हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, पण हे दोघं वाट बघत होते दुसऱ्याच गोष्टीची. गाडी चालवणाऱ्याच्या नावाची.

तासाभराने नाव आलं. मुलाने मोठा श्वास सोडला. म्हणाला, "चला, आपला नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. ढकलगाडी अजून समोर दिसत होती, आणि हा परीक्षेत पास झाल्यासारखा खुर्चीत टेकला. त्याला काही बोलायला मला तोंड नव्हतं, कारण नाव ऐकल्यावर मीही म्हटलं होतं, "ह्यांच्यात असंच असतं." खोटं कशाला सांगू?

नात तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "खालच्या आजी पण?"

"त्यांचं कुठे म्हणतेय मी?"

"मग कोणाचं?"

मी पालक धुवायला उठले.

खालची म्हणजे तळमजल्यावरची सीरियातली बाई. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवरा गेलेली, मुलीकडे राहते. मुलीला सिनेमे बघून थोडं हिंदी येतं, तेवढ्यावर आमची बोलणी चालतात. बाकीचं हातवाऱ्यांनी. बाईचा डावा डोळा पूर्वीच गेला. उजव्याच्या पडद्यात पाणी साचतं, म्हणून दर चार आठवड्यांनी दवाखान्यात त्या डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. एक जरी चुकलं तरी हाही डोळा जाईल, असं डॉक्टरने तिला तोंडावर सांगितलं आहे. इंजेक्शननंतर पट्टी बांधतात, म्हणजे परत येताना ती ठार आंधळी. तिच्या मुलीला दर वेळी रजा मिळत नाही, म्हणून दीड वर्ष तिचा हात धरून मी जाते. माझ्या गुडघ्यांच्या व्यायामाला ती माझ्याबरोबर येते, कारण मला जर्मन येत नाही आणि तिला बस विचारण्यापुरतं येतं. दोघींची मिळून एक बाई होते. पुढची वेळ, इथे तिला टेर्मिन म्हणतात, पुढच्याच गुरुवारी होती.

संध्याकाळी टीव्हीवर चर्चा लागली. पाच माणसं गोल टेबलाशी बसलेली. एक म्हणत होता हद्द बंद करा, दुसरा म्हणत होता एकाचा दोष सगळ्यांवर टाकू नका, तिसरा म्हणत होता पोलीस झोपले होते. मध्येच एका बाईला दाखवलं. तिची मुलगी गेली होती. ती दोनच वाक्यं बोलली. नातीने सांगितलं, "माझ्या मुलीला भांडणात ओढू नका, असं म्हणाली." ती बाई पडद्यावरून गेली आणि पाचही जण परत तिथूनच भांडायला लागले. आमच्या गावात मयताच्या घरी निदान तिसऱ्या दिवसापर्यंत तरी दम धरतात.

दुसऱ्या दिवशी मी ब्रेड आणायला बसने गेले. थंडी मरणाची. लोकरीचा स्कार्फ डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली होती, थंडीत नेहमी मारते तशी. समोर कुत्रं घेतलेली एक बाई होती, चांगल्या घरची, वयाने माझ्याहून थोडी लहान. उतरताना माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाली. ओरडली नाही. दुकानदाराला भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात बोलली. त्यातला एक शब्द मी लक्षात ठेवला आणि घरी येऊन नातीला विचारला. तिचं तोंड लाल झालं. "आल्झो... म्हणजे... आजी, सोड ना," म्हणाली. मग मी दटावल्यावर सांगितलं, "इथून निघून जा, असा अर्थ आहे."

रविवारी इथल्या मराठी मंडळाचं तिळगूळ आणि हळदीकुंकू होतं. आमच्या ह्या एर्लांगेन गावाच्या आसपासची तीस-चाळीस घरं भाड्याच्या हॉलमध्ये जमतात. ह्या वेळी तिळगूळ राहिला बाजूला आणि सभाच सुरू झाली.

कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "आपण पेपरात पत्रक देऊ. आम्ही भारतातून आलेले इंजिनियर, टॅक्स भरतो, आमचा ह्याच्याशी काहीही संबंध नाही."

नागपूरकडची एक बाई आहे, तिचं तोंड माझ्यासारखंच. ती म्हणाली, "संबंध नाही तर पत्रक कशाला? कुठे चोरी झाली की तुम्ही शेजारच्या घरी जाऊन 'मी नाही केली, मी नाही केली' म्हणता का हो?"

लोक हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. "ताई, तुम्ही गाडीने फिरता. माझे वडील बसने फिरतात. त्यांना दाढी आहे."

"मग काढा म्हणावं दाढी."

"काढली. आज सकाळीच."

हसणं थांबलं. त्यांचे वडील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हनुवटी चाचपत होते. सत्तर-पंच्याहत्तरचा माणूस. दाढीखालची कातडी नवीन जन्मलेल्या पोरासारखी पांढरी दिसत होती.

"बायकांचं त्या मानाने सोपं आहे," कोणीतरी म्हणालं. "टिकली लावली की प्रश्न मिटला."

मग सगळ्याच बोलायला लागल्या. म्हाताऱ्यांनी डोक्यावर स्कार्फ बांधायचा नाही, टोपी घालायची. शक्यतो साडी. त्या वर्षी हळदीकुंकवाचं वाण म्हणून पुण्याहून टिकल्यांची पाकिटं मागवली होती. सेक्रेटरीची बायको तबक घेऊन माझ्यापाशी आली.

इथल्या पोरी पुढारलेल्या आहेत, मला हळदीकुंकवाला बोलावतात. पण कुंकवाची वाटी माझ्यासमोर आली की त्यांचा हात जरासा थांबतो आणि मग तिळगूळ हातावर ठेवून त्या पुढे जातात. मीही कधी काही म्हटलेलं नाही. त्या दिवशी मात्र तिचा हात थांबला नाही. तिने पाकीट माझ्या मुठीत कोंबलं. "काकू, ही मरून रंगाची घ्या. मोठी आहे, लांबूनही दिसेल."

मला इतका धक्का बसला की मी तिला थँक्यू म्हटलं.

घरी आल्यावर मुलाने पाकीट बघितलं. त्याला आनंद झाला. "बरं झालं. आई, बाहेर पडताना लावत जा."

मी म्हटलं, "तुझे वडील गेले तेव्हा तुझ्या आत्याने माझं कुंकू पुसलं. तू दारात उभा होतास."

"आई, तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? कपाळ तेच आहे."

"अगं, सेफ्टीसाठी सांगतोय मी."

"तेव्हा नवऱ्यासाठी पुसलं. आता कुत्र्यावाल्या बाईसाठी लावू?"

सून म्हणाली, "अहो आई, मी तर लग्न झाल्यापासून म्हणतेय तुम्हाला, लावा म्हणून." ते खरं आहे. पण ती म्हणायची तेव्हा हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असायचा.

मग त्याने खरं ते काढलं. "आणि गुरुवारी त्या खालच्या आजींबरोबर जाऊ नकोस. एक महिना जाऊ दे. वातावरण निवळू दे."

"महिन्यात तिचा डोळा जाईल."

"त्यांना मुलगी आहे ना."

"मुलगी तिच्या नोकरीवर असते. तुला माहीत आहे."

"मला माझी आई बघायची आहे," तो म्हणाला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो वाईट नाही. घाबरला होता. घाबरलेल्या माणसांशी भांडता येत नाही, ते लवकर दमतही नाहीत.

गुरुवारी सकाळी मी टिकली लावली. मुलाने सांगितलं म्हणून नाही. मला भीती वाटत होती. साध्या आवाजात बोलणारी ती बाई रोज आठवत होती. एकवीस वर्षांनी आरशात टिकली लावलेलं तोंड बघितलं. पत्ता चिकटवलेल्या पार्सलसारखी दिसत होते.

तळमजल्यावर दार तिच्या मुलीने उघडलं, कामावर जायच्या कपड्यांत. म्हणाली, "आंटी, अम्मी नहीं जाएगी. बहुत डर." परवा दुकानाबाहेर कोणीतरी मागून येऊन तिच्या आईचा स्कार्फ ओढला होता. टेर्मिन रद्द करायला ती फोनच लावत होती.

"और आँख?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायलाही तिला वेळ नव्हता.

मागून म्हातारी आली. माझ्या अगदी जवळ येऊन, उरलेल्या डोळ्याने तिने माझं कपाळ बघितलं. सुनेच्या कपाळावर असतं आणि तुझ्या का नाही, असं तिने पूर्वी एकदा विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. त्यामुळे आज ते कशाला लावलंय हे तिला सांगावं लागलं नाही. महाग भाजी बघून आपण मान हलवतो तशी तिने मान हलवली. मला वाटलं दार लावून घेईल. तिने खुंटीवरचा कोट घेतला.

बसमध्ये गर्दी होती. पन्नाशीचा एक माणूस मला बघून उठला आणि हाताने जागा दाखवली. मी खालचीला पुढे केलं. ती बसली. तो माणूस तिला काहीतरी म्हणाला. तिने मान खाली घातली आणि उठली. मग तो परत माझ्याकडे वळला, त्याच जागेकडे बोट दाखवलं आणि हसला. हसणं चांगलं होतं, खोटं नव्हतं. तेच मला अजून खटकतं.

आणि मी बसले. गुडघे ठणकत होते, बस हलत होती, सगळे बघत होते. मी बसले. ती माझ्या सीटची दांडी धरून शेजारी उभी राहिली, दवाखान्यापर्यंत. टिकली लागू पडली होती. मंडळातल्या बायका बरोबर बोलत होत्या.

इंजेक्शनला तिला आत नेलं तेव्हा मी टिकली काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. तेवढ्याने काही फरक पडत नाही हे मला कळत होतं. बसायच्या वेळी बसून झालं होतं.

पट्टी बांधून ती बाहेर आली. येताना मी स्कार्फ डोक्यावर घेतलेली, ती स्कार्फ घेतलेली, शिवाय आंधळी. कोणी उठलं नाही. कोणी काही बोललंही नाही. तिने माझा दंड धरला, मी खांब धरला. वळणावर दोघीही हेलपाटलो तेव्हा ती तिच्या भाषेत ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. शिवीच असणार, कारण पुढे बसलेलं कोणीतरी खुदकन हसलं.

स्टॉपवर मुलगा उभा होता. मी घरात नाही म्हटल्यावर त्याला समजलंच असणार. आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग पुढे होऊन माझ्या हातातली पिशवी घ्यायला लागला.

"पिशवी मी आणते," मी म्हटलं. "तिचा हात धर. पुढे पायऱ्या आहेत."

तो जागेवरच थांबला. रस्त्यावर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोण बघतंय का ते पाहिलं. मग धरला.

हा कोण, असं तिने मला खुणेने विचारलं. मुलगा, मी सांगितलं. "गुट, गुट," छान, छान, म्हणत ती पायऱ्या चढेपर्यंत त्याचा हात थोपटत राहिली. तिला दिसत नव्हतं, ते तेवढ्यापुरतं बरंच झालं.