नऊ वाजताचं इंद्रधनुष्य

"आधी बघा, मग बोला." कुठलाही वाद निघाला की आमचे विज्ञानाचे मास्तर चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. खरं बोलायची खोड लागलेला, आणि त्यापायी जिथंतिथं अडलेला.

लोहाऱ्याजवळच्या एका गावात आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. निजामाच्या राजवटीत त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. संस्थान विलीन झालं, शाळा मराठी झाली, तेव्हा या गृहस्थानं चाळिशीत मराठी मुळाक्षरं गिरवली. तरी नोकरी कच्चीच. इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम करू, असं वरून कळलं होतं. घरात चार लेकरं आणि म्हातारी आई.

शाळेत उजेडाचे सात रंग पाडणारा काचेचा एक लोलक होता. म्हणजे नोंदवहीत होता. "फुटला तर जबाबदार कोण?" म्हणून हेडमास्तरांनी तो कपाटात कोंडला होता आणि किल्ली करदोट्याला बांधली होती. मास्तरांनी मग घरून पितळी परात आणली. परातीत पाणी, पाण्यात दाढीचा आरसा तिरका टेकवलेला, पूर्वेच्या खिडकीला गोणपाट आणि गोणपाटाला एक फट. सकाळी नऊला ऊन फटीतून आत आलं, की समोरच्या भिंतीवर इंद्रधनुष्य उतरायचं. एरवी माझ्या तासाला रान उठवणारी पोरं चिडीचूप व्हायची.

"पांढऱ्या उजेडाच्या पोटात एवढं समदं हाय," मास्तर म्हणायचे. "आपण फकस्त त्याला वळायला लावायचं."

एवढ्यात घरून निरोप यायचा, परात द्या, पीठ मळायचंय. झालं, विज्ञान बंद!

इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावलं. मी तिथंच होतो.

"साहेबांच्या येण्याचा नेम नाही. तुम्ही सकाळीच इंद्रधनुष्य करून झाकून ठेवा."

"अहो सर, ते झाकता येत न्हाय. ऊन सरकतं."

"मग सरकू देऊ नका!"

मास्तर गेल्यावर हेडमास्तर माझ्याकडं वळले. "तुम्ही भिंतीवर एक रंगवून टाका. अडीअडचणीला असू द्या." मी रंगवलं. पट्टी लावून सात पट्टे, एकही रेघ वाकडी नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटला होता.

साहेब यायच्या दिवशी माझ्या चित्रावर पांढरी चादर टाकलेली होती. नऊला मास्तरांचं इंद्रधनुष्य त्या चादरीवर आलं, थोडा वेळ थांबलं, कडेला सरकलं आणि गेलं. साहेब बाराला आले. मग कोंबडीचं जेवण, मग विडा, मग वामकुक्षी. वर्गात यायला तीन वाजले. पश्चिमेला खिडकीच नव्हती. हेडमास्तरांनी चादर ओढली.

साहेबांनी छडीनं पट्टे मोजले. "सातही आहेत. शाबास! हे तुम्ही केलंत?"

हेडमास्तर मागून डोळ्यांनी खुणा करत होते. नुसतं व्हय म्हटलं असतं तरी मास्तर कायम झाले असते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"न्हाय, साहेब. हा भिंतीवरचा रंग हाय. माझं इंद्रधनुष्य नऊला येऊन गेलं. ह्या मास्तरांनी बघितलंय, इचारा त्यांना."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी हेडमास्तरांकडं पाहिलं आणि मग माझ्या चपलांकडं. "सगळी तयारी शाळेच्या वतीनं केलीय, साहेब," एवढं मी बोललो.

शेरा पडला: 'चित्रकला उत्तम. विज्ञानशिक्षकाचे इंद्रधनुष्यावर नियंत्रण नाही.' महिन्याभरात मास्तरांना परांड्याकडच्या एका खेड्यावर धाडलं, पुन्हा कच्च्याच नोकरीवर.

निघताना ते मला भेटायला आले. परात सामानात बांधली होती. आरसा तेवढा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "रंग छान दिलता तुम्ही, मास्तर," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी घरची परात घेऊन एकटाच वर्गात गेलो, पाणी ओतलं, आरसा टेकवला. नऊला उजेड वळला आणि नेमका माझ्या पट्ट्यांवर पडला. माझे सात रंग चिखलासारखे दिसायला लागले. त्या उजेडात तांबडा कुठं संपतो आणि नारिंगी कुठं लागतो, हे मला काही केल्या सापडेना. मला माझीच लाज वाटली.

आधी बघायचं ते मी केव्हाच बघितलं होतं. बोलायच्या वेळी मात्र खरं ते तोंडातून निघालं नव्हतं. आता बोलायला तयार होतो, तर वर्गात ऐकायला कुणीच नव्हतं.