मुक्या भागातले मरण

मुद्रितशोधकाची नोकरी संपली, तरी अक्षरांनी त्याची पाठ सोडली नाही. निवृत्तीनंतर तो ज्या जुन्या संगणकीय खेळाचे चित्रीकरण करून लोकांना दाखवू लागला, त्या खेळातही अक्षरांखेरीज काही नव्हते. काळ्या पडद्यावर भुयार, भुयारात आपला वीर म्हणजे एक चिन्ह, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक राक्षस. भुयार दर वेळी नवे. वीर एकदा मेला की मेला. त्याची साठवलेली प्रगती खेळ स्वतःच पुसून टाकी.

दुपारी जेवण उरकले की तो टेबल पुसायचा, पंखा बंद करायचा, माइक तोंडासमोर आणायचा आणि पडद्यावर जे जे दिसेल ते ते मोठ्याने वाचायचा. "उजवीकडे दार. दारात साप. साप झोपलेला दिसतो."

"काका, आम्हाला डोळे आहेत हो," असे एका प्रेक्षकाने लिहिलेही होते.

पण ते वाचन ज्याच्यासाठी होते, त्याला डोळे नव्हते. हा खेळ त्याला त्याच्या थोरल्या भावाने शिकवला होता. त्या दादाची दृष्टी हळूहळू पार गेली आणि समोरच्या इमारतीतल्या खुर्चीत बसून धाकट्याचे भाग ऐकणे, हा त्याचा एकमेव शौक उरला. वीराचे नावही 'दादा'च होते. म्हणून फोन केला की थोरल्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे छोट्या, जिवंत आहे ना मी?"

त्या दुपारी चित्रीकरणाआधी बायकोच्या बहिणीचा फोन आला. दोघी बहिणी एकदा सुरू झाल्या की भिंतींनाही कान बंद करावेसे वाटत. तिचे बोलणे नोंदले जाऊ नये म्हणून त्याने माइकचे बटण बंद केले, आणि ते पुन्हा लावायचे राहून गेले.

आणि नेमका तोच भाग रंगला! वीर पूर्वी कधी गेला नव्हता इतका खोल उतरला. शेवटी राक्षसांनी घेरला, तेव्हा धाकट्याने घाईघाईत त्याला एक अनोळखी औषध पाजले. ते गुंगीचे निघाले. वीर झोपला तो उठलाच नाही. धाकटा चित्रफीत तपासू लागला तेव्हा कळले, की सबंध भाग मुका आहे.

"झाला भाग?" बायकोने विचारले.

"झाला. मीही संपलो, दादाही संपला."

सगळे ऐकून ती म्हणाली, "वीज जाते म्हणून तुम्ही आधीच्या प्रगतीची प्रत काढून ठेवता ना? मग ती लावा आणि परत खेळा. कोण विचारतंय?"

मोह आवरेना. त्याने प्रत लावली. भुयार ओळखीचे, राक्षस ओळखीचे. पहिल्याच वळणावर तो उद्गारला, "अरेच्चा! इथे तर लांडगा!"

"नको असलेला पाहुणा दारात दिसल्यावर 'या या' म्हणता, अगदी तसाच आवाज लागलाय," आतून बायकोचा शेरा आला.

तो थांबला. बाकीचे प्रेक्षक स्वतः पाहत होते. दादा मात्र त्याच्या शब्दावर विसंबून ते भुयार चालत होता. त्याने प्रत पुसली, लॅपटॉप काखोटीला मारला, माइक हातात घेतला आणि समोरच्या इमारतीचा जिना चढला.

"आज स्वारी इकडे कशी?" पावलांवरूनच ओळखून दादाने विचारले. "जिवंत आहे ना मी?"

"नाही, दादा."

दादाचा हात खुर्चीच्या दांडीवर एकदा पुढे आणि एकदा मागे फिरला. "कसा मेलो, ते तरी सांग."

"सांगायलाच आलोय. माझा माइक बंद राहिला."

"शाबास! जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास!"

मुकी चित्रफीत सुरू झाली. धाकटा पाहून सांगू लागला, माइक दोघांच्या मध्ये ठेवून.

"उजवीकडे जिना. उतरलो."

"कशाला उतरलास? जखमी होतो ना मी?"

"थोडासाच."

"मरणारा मी, आणि थोडासा म्हणणारा तू!"

औषधाचा प्रसंग आला तेव्हा धाकट्याचा आवाज खाली गेला. "प्यायलास."

"मी नाही प्यायलो, तू पाजलंस. अनोळखी बाटलीला हात लावू नये, हे कुणी शिकवलं होतं तुला?"

"तूच."

"मग आता ऐक." दादाने खुर्ची चाचपडत पुढे ओढली. "नवा वीर काढ. नाव तुझं ठेव. तू वाचायचंस आणि काय करायचं ते मी सांगणार. बघू, किती जगतोस."

धाकट्याने नाव लिहिले आणि घसा साफ केला.

"थांब," दादा म्हणाला. "माइक चालू आहे का, ते बघ आधी."